फुकटचा जुना पियानो स्टेजवर चालेल का, ते आम्ही कसं ठरवलं

ऑगस्टमध्ये वांद्र्याच्या एका आंटींचा फोन आला. आमच्या क्वायरमधल्या एका मुलीच्या त्या लांबच्या मावशी, गावठाणातलं जुनं घर, ते आता रीडेव्हलपमेंटला चाललंय, ओटीवर एक पियानो आहे तो नव्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही, तर वसईला तुमच्या चर्चच्या हॉलला हवा असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. ग्रुपवर हे पडल्यावर पंधरा मिनिटांत टेम्पो कोणाचा करायचा इथपर्यंत चर्चा गेली. मी एकटीच थांबा थांबा म्हणत होते आणि त्याला कारण होतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही असाच एक जुना पियानो घेतला होता. झाकणावर मोठं इंग्लिश नाव, सोनेरी अक्षरं, त्याखाली पदकांची चित्रं, सगळे नाव बघूनच खूश. नाताळच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ट्यून केला आणि संध्याकाळी तिसऱ्या गाण्याला मधल्या सप्तकातले सूर घसरायला लागले, एकाच सुराच्या तीन तारा तीन दिशांना. सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या आवाजात गाणाऱ्या, मुली सूर शोधत होत्या आणि त्यांना सूर देणारी मी, मलाच तो सापडत नव्हता. शेवटी अर्धा कार्यक्रम पियानोशिवाय गायला. त्या मुलींचे चेहरे मी अजून विसरले नाहीये, म्हणून यावेळी ठरवलं होतं की नीट बघितल्याशिवाय काही उचलायचं नाही.

बघायला गेलो तेव्हा सोबत आमचे ट्यूनर अंकल होते. मूळचे गोव्याचे, साष्टीचे, सगळा जन्म मुंबईत गेला, आता पंचाहत्तरीला आलेत, आणि पियानो उघडताना त्यांचे हात बघत राहावं असं वाटतं. मी गेल्या गेल्या झाकणावरचं नाव वाचायला गेले तर म्हणाले, "बाय, नाव मागाहून. आधी पोट बघू."

ज्यांनी कधी जुना अपराइट, म्हणजे उभ्या बांधणीचा पियानो, उघडलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे कुणालाही जमतं आणि याला काही हत्यार लागत नाही. वरचं झाकण उचलायचं, आत हात घातला की समोरची फळी दोन बाजूंना खिट्टीने अडकवलेली असते, खिट्ट्या फिरवल्या की फळी पुढे येते, जड असते, दोघांनी धरा. खाली पेडलच्या वरची फळी एका पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर बसलेली असते, पट्टी वर दाबली की ती सुटते. मग मोबाईलचा टॉर्च घेऊन अर्धा तास नुसतं बघायचं, वाजवायचं नाही. आम्ही खालची फळी काढली तर आत एक जपमाळ, दोन हेअरपिना, एक आण्याचं नाणं आणि एका कोपऱ्यात उंदराचं जुनं घरटं. आंटी जपमाळ हातात घेऊन बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. ती त्यांच्या सासूबाईंची होती.

आता ओळख पटवण्याबद्दल. झाकणावर नाव होतं ते एका मुंबईच्या दुकानाचं, अर्धं पुसलेलं. हे मुंबईत फार दिसतं, इथले दुकानदार विलायतेतून पियानो मागवायचे आणि त्यावर स्वतःचं नाव घालून विकायचे, त्यामुळे झाकणावरचं नाव म्हणजे बनवणाऱ्याचं नाव असं धरून चालायचं नाही. बनवणाऱ्याचं नाव शोधायचं तर आतल्या लोखंडी फ्रेमवर ओतीव अक्षरं असतात का बघा, साउंडबोर्डवर, म्हणजे तारांमागच्या आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीवर, शिक्का असतो का बघा, नाहीतर बोटांनी वाजवायच्या पट्ट्यांपैकी सगळ्यात डावीकडची बाहेर काढून तिच्या अंगावर बघा. सिरीयल नंबरही याच जागांवर सापडतो. बेखस्टाइन, ब्लूथनर, ब्रॉडवुड, चॅपेल अशा नावाजलेल्या कंपन्यांचं वय सिरीयल नंबरवरून लागतं, कारण कुठल्या साली कुठला नंबर चालू होता याच्या याद्या उपलब्ध आहेत. पण कंपनीच माहीत नसेल तर नुसता नंबर काही कामाचा नाही, आणि आमच्या पियानोला पाच आकडी नंबर होता, कंपनी कुठेच नव्हती.

तरी वय बऱ्यापैकी काढता आलं आणि मला हा भाग फार आवडला. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात धुळीखाली 'मेड इन जर्मनी' सापडलं. इंग्लंडमध्ये १८८७ साली कायदा झाला की परदेशी मालावर देशाचं नाव हवं, त्यानंतर जर्मन मालावर ही इंग्रजी अक्षरं दिसायला लागली, म्हणजे पियानो त्याच्या आधीचा असणार नाही. पट्ट्या ८५, आताच्या ८८ नाहीत, वरच्या टोकाला तीन कमी. समोरच्या फळीवर दोन बाजूंना स्क्रूची बुजवलेली भोकं, तिथे मेणबत्तीचे पितळी हात असायचे. ही सगळी जुन्या काळाची चिन्हं. नुसत्या एका खुणेवर वय ठरवू नये पण सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की भरवसा वाटतो. आणि मग अंकलनी पहिली पट्टी हळूच उचलून काढली, तिच्या लाकडी अंगावर पेन्सिलने लिहिलेल्या तारखा होत्या. ट्यूनर लोकांची जुनी सवय आहे ही, काम केलं की आत सही आणि तारीख. सगळ्यात वरची, सगळ्यात फिकट, १९११ ची. म्हणजे १८८७ ते १९११ च्या मधला कधीतरीचा. तुमच्या पियानोवर पदकं असतील तर त्यातलं सगळ्यात अलीकडचं साल बघा, पियानो त्यानंतरचाच असणार.

ग्रुपवर मी हे टाकल्यावर सगळ्यांचे प्रश्न सुरू झाले, म्हणजे अँटिक आहे का, किंमत किती येईल. पण आम्हाला तो विकायचा नव्हता, वाजवायचा होता, तेही दोनशे माणसांसमोर. वय आणि गाव कळल्याचा मला खरा उपयोग एवढाच की आतली रचना कशी असू शकते याचा अंदाज येतो. त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश अपराइटमध्ये तारा सरळ उभ्या असायच्या आणि डँपर, म्हणजे सूर थांबवणारे नमद्याचे तुकडे, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या वर बसवलेले असायचे. समोर सगळ्या तारांच्या काड्या पिंजऱ्यासारख्या दिसतात म्हणून ट्यूनर त्याला बर्डकेज म्हणतात. ते डँपर तारेच्या टोकाजवळ टेकतात, तिथे तार फारशी हलतच नाही, त्यामुळे पट्टी सोडली तरी सूर रेंगाळतो, आणि मोठ्या हॉलमध्ये चार आवाजांच्या क्वायरखाली हा रेंगाळलेला सूर म्हणजे चिखल. आमचा आधीचा पियानो तसलाच होता. हा मात्र एकमेकींवरून तिरप्या जाणाऱ्या तारांचा, डँपर हातोड्यांच्या खाली, आणि लोखंडी फ्रेम वरपर्यंत पूर्ण. अंकल पहिल्यांदा हसले ते फ्रेम बघून.

मग खुंट्या. माझ्या मते जुन्या पियानोचा निकाल इथेच लागतो, बाकी बहुतेक सगळं दुरुस्त होतं. सतारीची खुंटी सैल झाली की खडू लावून भागतं, इथे सव्वादोनशेच्या आसपास खुंट्या एका जाड लाकडी ठोकळ्यात ठोकलेल्या असतात आणि सगळ्या तारांचा मिळून ताण साधारण १५ ते २० टन. लाकूड सुकलं, चिरलं की खुंटी धरत नाही, तार लावली की उतरते. आमच्या आधीच्या पियानोचं हेच झालं होतं. बघताना काय शोधायचं तर काही खुंट्या बाकीच्यांपेक्षा जाड आहेत का, कुठे भोवती पुठ्ठा किंवा कागद कोंबलाय का, काही जास्तच आत ठोकल्यात का. आणि मग ट्यूनरने पाना लावून बघायचं. अंकलनी वीस-पंचवीस ठिकाणी पाना लावला आणि एकदा माझ्या हातात दिला, म्हणाले तू पण बघ. चांगली खुंटी फिरताना जोर मागते आणि थांबली की तिथेच ठाम राहते, खराब खुंटी लोणच्याच्या बरणीच्या सैल झाकणासारखी फिरते, हाताला लगेच कळतं. मधल्या भागात तीन खुंट्या तशा निघाल्या. बाकी घट्ट.

पण अंकल तेवढ्यावर हो म्हणाले नाहीत, कारण ऑगस्ट होता. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं, सैल खुंटीसुद्धा घट्ट वाटते आणि सूरही थोडा चढतो. तेच लाकूड डिसेंबरच्या कोरड्या हवेत, वर हॉलचा एसी चालू असताना, आकसतं. म्हणजे पावसाळ्यात पास झालेला पियानो नाताळात नापास होऊ शकतो. त्यांनी तीन सूर नीट लावून ठेवले, एक खालचा, एक मधला, एक वरचा, मी मोबाईलमध्ये नोंद केली, आणि ऑक्टोबर संपताना परत आलो. टेम्पोवाल्या उत्साही मंडळींना दोन महिने थांबवून ठेवणं सोपं नव्हतं, पण सर, म्हणजे आमचे क्वायरमास्टर, माझ्या बाजूने उभे राहिले.

मधल्या काळात आंटींकडे दोन शनिवार जाऊन मी वाजवून बघितलं. नुसतं आवडतं गाणं वाजवून पियानो कळत नाही. मी डावीकडून सुरुवात केली, एकेक पट्टी, जितक्या हळू दाबता येईल तितक्या हळू, सूर बोलतो का बघत. क्वायरला साथ करताना नव्वद टक्के वेळ हळूच वाजवायचं असतं आणि जुन्या पियानोच्या पट्ट्या तिथेच मुक्या राहतात. मग तेच जोरात, बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, तारा भरून बोलतात की नुसत्या थड थड करतात. तांब्याची तार गुंडाळलेल्या तारांमध्ये घाण आणि गंज बसला की त्या मरतात, ट्यून करून त्या जिवंत होत नाहीत. इथे खालच्या सहा तारा मेल्या होत्या, बाकीच्या छान, घुमणाऱ्या. मग प्रत्येक पट्टी भराभर पाच-सहा वेळा. अपराइटमध्ये पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय पुन्हा वाजत नाही, ग्रँडसारखं अर्ध्यातून वाजवता येत नाही, त्यामुळे पट्टी आळशी असेल तर भराभर वाजणारा सूर गळतो. पावसाळ्यामुळे चार पट्ट्या अडकत होत्या, त्याची मी काळजी केली नाही, ते फुगलेलं लाकूड आणि पट्टीच्या भोकातलं कापडी अस्तर, ट्यूनरच्या हातचं काम आहे.

पट्टी किती जड आहे ते बघायची एक सोपी युक्ती अंकलनी सांगितली. उजवं पेडल दाबून धरायचं आणि पट्टीच्या पुढच्या टोकावर दहा रुपयांची नाणी एकावर एक ठेवायची, ते दोन रंगांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, सातव्या नाण्याला, म्हणजे ५४ ग्रॅमला, पट्टी हळूच खाली गेली तर ठीक. आमच्या मधल्या पट्ट्या सात नाण्यांना गेल्या, काही आठला. दहा लागली असती तर पुढे दीड तास वाजवून माझ्या मनगटाचं काय झालं असतं ते मला माहितीये.

हातोड्यांचा नमदा तारांनी कापून खाचा पडल्या होत्या, वर दोन-तीन ठिकाणी कसर लागलेली. खाचा पडल्या की आवाज कडक, पत्र्यासारखा होतो. नमदा पुरेसा जाड उरला असेल तर घासून परत गोल करता येतो, तेवढा होता. साउंडबोर्डला एक लांब चीर होती, मी घाबरले, पण अंकलनी मागून मूठ ठोकत ठोकत ऐकलं आणि म्हणाले मागच्या आधाराच्या लाकडी पट्ट्या चिकटून आहेत, झणझणत नाही, सोडून दे. चीर दिसली म्हणजे पियानो मेला असं नाही. घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडाला, चीर असती आणि तिथल्या पिना सरकल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पट्ट्यांवरचं पांढरं हस्तिदंत आहे का हाही प्रश्न होता, कारण त्याचा व्यवहार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. हस्तिदंत असेल तर एका पट्टीवर सहसा दोन तुकडे असतात, पुढचा रुंद आणि मागचा अरुंद, मध्ये बारीक जोड दिसतो. आमच्या पट्ट्यांवर जोड नव्हता, अखंड सेल्युलॉइड. मोकळा श्वास घेतला.

ऑक्टोबर संपताना परत गेलो. लावलेले तीन सूर तपासले, दोन जिथे ठेवले तिथे, तिसरा मधला थोडा उतरलेला, तो त्या सैल खुंट्यांपैकीच एकीचा होता. मग मुख्य प्रश्न आला. पियानोचा मधला ए हा सूर आता ४४० ला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना, असतो, १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ते ठरलं, आणि आमच्या बँडचा क्लॅरिनेट, हॉलचा कीबोर्ड, सगळं त्याच ४४० ला. या पियानोचा ए होता ४१० च्या आसपास, अर्ध्या सुरापेक्षाही जास्त उतरलेला, कितीतरी वर्षं कोणी हात लावलेला नसणार. अर्धा सूर वर चढवायचा म्हणजे ऐकायला थोडंच वाटतं, पण ताण कंपनांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास १२ टक्के जास्त, एवढ्या जुन्या लाकडावर दोन टनांच्या आसपास जास्तीचं ओझं. अंकलनी वरच्या सप्तकातली एक तार ४४० ला न्यायला घेतली. फटकन आवाज झाला, तार खुंटीजवळच्या गंजलेल्या वेटोळ्यापाशी तुटली. दुसरी घेतली, ती गेली वर. तिसरी तुटली. त्यांनी पाना खाली ठेवला आणि ओटीवरच्या खुर्चीत जाऊन बसले.

सगळ्या तारा बदलता येतात, नव्या खुंट्या घालता येतात, पण तो खर्च आमच्या आवाक्यात नव्हता आणि नाताळ दोन महिन्यांवर. मला वाटलं संपलं. तेव्हा अंकल म्हणाले, "४४० सोड. ४१५ ला लावतो, बरोबर अर्धा सूर खाली. तिथे हा पियानो सुखात राहील. तुला काळी-पांढरी फिरवता येते ना?"

आणि हे खरंच आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या क्वायरला सूर अमुकच हवा असं काही नाही, बावीस गाण्यांपैकी वीस गाणी नुसती पियानोवर, ती अर्धा सूर खाली गेली तर सोप्रानोवाल्या उलट खूश. क्लॅरिनेट ४४० चाच, पण तो फक्त दोन गाण्यांना. त्या दोन गाण्यांत मी अर्धा सूर वर वाजवायचं. पेटीवाल्या माणसाला हे लगेच कळेल (ज्या पट्टीला सा धरून गातात तिच्या रंगावरून आणि क्रमांकावरून काळी-पांढरी म्हणतात), गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर मी पियानोवर काळी चार धरायची, ऐकू येणार पांढरी पाचच. पहिलं गाणं तसंच बसलं. दुसरं पांढरी चारमध्ये होतं, त्यासाठी मला काळी तीन धरावी लागली असती, बोटांना फार अवघड जात होतं, तर सरांनी ते गाणं एक सूर उतरवून काळी दोनला आणलं, मी वाजवते पांढरी तीनमधून. क्लॅरिनेटवाल्या दादांना ती पट्टी सोपीच आहे, बेसच्या मुलांना खालचे दोन सूर जरा जड जातात, ते सराव करतायत. कीबोर्ड लागला तर त्याला ट्रान्सपोजचं बटण आहेच, एक खाली.

एवढं ठरल्यावरच टेम्पो बोलावला. नेताना पियानो आडवा करायचा नाही आणि त्याच्या स्वतःच्या छोट्या चाकांवर ढकलत न्यायचा नाही, ती चाकं घरात जागा बदलण्यापुरती असतात, सव्वादोनशे-अडीचशे किलोचं धूड एका खड्ड्यात गेलं की पाय मोडतो. सहा हमाल, जाड गोधड्या, पट्टे. आंटी फाटकापर्यंत आल्या, पियानोच्या बाजूला हात लावून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, बंद करून ठेवू नका हां याला." मी त्यांना कार्यक्रमाला पुढच्या रांगेतली जागा ठेवते म्हणून सांगितलं.

हॉलमध्ये आणल्यावर दोन आठवडे तसाच ठेवला, जागेची हवा लागू दिली. मग तीन सैल खुंट्यांच्या जागी एक नंबर जाड घातल्या, तुटलेल्या दोन तारा नव्या, हातोड्या घासल्या, बेसच्या सहा मेलेल्या तारा तशाच, मी तिथे एक सप्तक वर वाजवते. दहा दिवसांच्या अंतराने दोनदा ट्यूनिंग. आत खाली एक छोटा बल्ब लावून ठेवलाय, जुनी मुंबईतली पद्धत आहे, ओल धरत नाही, पण कोरड्या दिवसांत तो बंद ठेवायचा हे एका मुलाला नेमून दिलंय.

स्टेजवरच्या जागेबद्दल एक सांगायचं राहिलं. अपराइटचा साउंडबोर्ड मागे असतो, तो भिंतीला टेकवून ठेवला की आवाज भिंतीला. म्हणून पाठ प्रेक्षकांकडे करायची, पण हा पियानो पन्नास इंच उंच, मला पलीकडे सर दिसेनात, तर तिरपा ठेवला, पाठ अर्धी प्रेक्षकांकडे आणि अर्धी क्वायरकडे, आणि वरचं झाकण उघडं. एका मुलीला शेवटच्या रांगेत बसवून ऐकायला लावलं. ती म्हणाली बेस जास्त येतोय, मग खाली गालिच्याचा तुकडा घातला, बरं झालं.

काल रंगीत तालीम झाली, दीड तास. शेवटी मी मधल्या सप्तकातला एकेक सूर तपासला, तीन तारा, एक आवाज, सगळीकडे. वरच्या सप्तकात एका हातोडीचा टिक आवाज येतोय, तिचा स्क्रू सैल आहे, आणि तिसऱ्या गाण्यात डावं पेडल सोडताना हलकी कुरकुर येते. अंकल कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला येणार आहेत, तेव्हा हॉलमध्ये मंडपवाल्यांची ठोकाठोक नको म्हणून मी कमिटीला दोनदा सांगून ठेवलंय, साडेअकरापर्यंत हॉल बंद.